यादीतला चौथा फोन

अब्बा,
नेट तासातासाला का तुटतं ते सापडलं. राऊटर प्रत्येक फोनला तासापुरताच नंबर देतो, मग यादीतून नाव काढतो. काल मी ती मुदत चोवीस तासांची केली. आज यादी उघडली तर आपल्या तीन फोनांखाली चौथा दिसला, मुदस्सिरभाईचा. दुपारी दोनला आपोआप जोडलेला, घरचा पासवर्ड त्यात अजून आहे. तेव्हा तुम्ही कारखान्यात होता, मी कॉलेजात, अम्मी झोपलेली. म्हणजे तो दारापर्यंत येऊन बेल न वाजवता परत गेला. आज पहिल्यांदाच आला, की तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत तेव्हापासून रोज येतोय? विचारायला टेमघरला त्याच्या खोलीवर चाललेय. मला ओरडायचं तर ओरडा, पण वायफायचा पासवर्ड बदलू नका.
अक्सा