तीन मिनिटं थांबायचं

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, डोणगाव

घर मिळालं एकदाचं! दोन खोल्या, मागं न्हाणी, अंगणात नळ, आणि आतल्या खोलीला चक्क दार. खामगावात सासरी आठ माणसांत राहिलेल्या बाईला विचारा दाराची किंमत. बाळंतपणाची रजा संपली ती कृषी सहायक म्हणून माझ्या बदलीचा आदेश हातात पडूनच, त्यामुळे मी जरा धास्तावले होते. पण गाव चांगलं वाटतंय. नागसेननं गॅस जोडला, पंखा लावला, छकुलीच्या दोन्ही गालांचे मनसोक्त पापे घेतले आणि तीनच्या गाडीनं वाळूजला कंपनीत परत गेला. आता शनिवारी येईल.

घरमालक नारायणराव आणि सत्यभामाबाई शेजारीच राहतात. सत्यभामाबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली. छकुलीकडं बराच वेळ बघत राहिल्या, पण घेतलं नाही. दिवसा छकुलीला सांभाळायला गल्लीतल्या गोजरबाई येणार आहेत. साठीच्या आहेत, पाच लेकरं वाढवलीत. छकुली त्यांच्या काखेत अशी बसली जणू जन्मापासून तिथंच आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आठ महिन्यांची झाली तरी रात्री पाच-सहा वेळा उठते. उठली की अंगावर पाजा, नाहीतर झोळीत घालून हलवा. काल शेतात बोंडअळीचे सापळे दाखवता दाखवता मला उभ्या उभ्या डुलकी लागली. शेतकरी हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आज मेहकरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं. झोळी बंद. जागी असतानाच गादीवर ठेवायचं आणि खोलीबाहेर यायचं. रडली तर तीन मिनिटं थांबायचं, मग जाऊन नुसतं थोपटायचं, उचलायचं नाही. पुढच्या वेळी पाच मिनिटं. मग दहा. आठवड्यात शिकते म्हणाले. म्हणजे आतल्या दाराचा उपयोग होणार!

गोजरबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "लेकराले रडू काऊन देतं माय? रडते म्हणजे तुले हाका मारून राह्यली ना थे." मी त्यांना समजावलं. त्या ऐकून घेऊन उठल्या आणि दारातून म्हणाल्या, "रडू द्याचंच असंन तं या खोलीत नको देऊ." का, ते विचारायच्या आत दुपटी धुवायला गेल्या.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल पहिली रात्र. पस्तीस मिनिटं रडली. मी दाराबाहेर मोबाइलचं घड्याळ लावून, ओढणी दातात धरून बसले होते. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे माहीत नव्हतं. आत गेले की हात पसरायची आणि मी उचलायचे नाही. शेवटी थकून झोपली. मग मी रडले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

जमलं! रात्री दोन वाजता एकदाच रडली. मी घड्याळ लावलं आणि पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत गप्प. थेट सकाळी सहाला उठली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी सलग झोपले. नागसेनला फोन करून ओरडूनच सांगितलं.

आनंदानं शिरा केला आणि सत्यभामाबाईंना नेऊन दिला. छकुली आपली आपण झोपायला शिकली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एकाएकी गप्प झाली का?" मी हो म्हणाले. त्यांनी शिरा न खाताच ताटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

हे फक्त इथं लिहिते आहे. काल रात्री रडणं थांबल्यावर मी दाराला कान लावला. आत थोपटण्याचा आवाज येत होता. थप, थप, जरा थांबून पुन्हा थप. तालात. मी दार उघडलं. छकुली कुशीवर गाढ झोपलेली. मी तिला उताणी ठेवलं होतं. दुपटं दोन्ही बाजूंनी अंगाखाली घट्ट खोचलेलं होतं. मी असं कधी खोचत नाही.

आमच्या घरात भूतखेत चालत नाही. अंगात येणाऱ्या बायांना माझे वडील भर गर्दीत प्रश्न विचारायचे. मी त्यांची मुलगी आहे. जागरणानं माणसाला भास होतात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

छकुली माझं दूध घेत नाही. चार दिवस झाले. तोंड फिरवते, भरल्या पोटाच्या बाळासारखी. गोजरबाई म्हणतात, पेजही दोनच चमचे खाते. माझी छाती दगडासारखी झाली आहे, ब्लाउज भिजतात. घाबरून पुन्हा मेहकरला गेले. वजन अर्धा किलो वाढलं आहे. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, बघा, झोप लागली की मूल कसं अंग धरतं.

सकाळी तिच्या तोंडाला दुधाचा वास येतो. माझ्या दुधाचा नाही. मला माझा वास कळतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

नागसेन आला नाही, जादा पाळी लागली. दुपारी मी गोजरबाईंचा हात धरला आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही. त्यांनी सांगितलं.

सत्यभामाबाईंची सून छाया याच आतल्या खोलीत राहायची. पाच वर्षांपूर्वी तिचं तीन महिन्यांचं बाळ रात्र रात्र रडायचं. दरवेळी उठून घेतलं की पोर लाडावतं, असं सत्यभामाबाईंचं म्हणणं. एका रात्री त्यांनी बाळाला आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि सुनेला आपल्याजवळ बाहेरच्या खोलीत निजवलं. बाळ खूप रडलं. मग एकाएकी गप्प झालं. बघा, शिकलं, असं त्या म्हणाल्या. सकाळी दार उघडलं तर बाळ थंड. छायानं अन्नपाणी सोडलं. त्याच खोलीत, त्याच जागी पडून राहिली आणि महिन्याभरात गेली.

मी विचारलं, मग आता ती माझ्या मुलीचं काय करणार? गोजरबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "छाया वाईट नव्हती माय. तिले रडणं सोसत नाई, बस. लेकरू रडलं का तू तिच्या आंधी जाय."

मंगळवार, २६ नोव्हेंबर

तो कागद फाडून टाकला. दार काढून ठेवता येत नाही, म्हणून त्याला पाटा लावून उघडं ठेवलं. छकुलीला कुशीत घेऊन झोपते. रडली की लगेच घेईन. पण—

ती रडतच नाही. मीच शिकवलं तिला.

पहाटे तीनला मला जाग आली. छकुली टक्क जागी. माझ्या खांद्यावरून माझ्या मागं बघत होती आणि हात पसरून हसत होती. आवाज न करता. माझ्या पाठीमागं गादी खचलेली जाणवत होती, कुणी आडवं झाल्यावर खचते तशी. मी वळले नाही. वळता आलं नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

काल रात्री गोजरबाईंकडं झोपायला गेले. त्यांनी मोकळ्या मनानं जागा दिली. पण छकुली दहा वाजल्यापासून रडत होती. आमच्या घराच्या दिशेनं हात करून. पाजलं, झोळीत घातलं, अंगणात फिरवलं. दोनच्या सुमाराला श्वास अडकला आणि ओठ काळे-निळे पडले. गोजरबाईच म्हणाल्या, "ने माय, घरी ने तिले. नाहीतं हातची जाईन."

उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि ती गप्प झाली. माझ्या कडेवरून आतल्या खोलीकडं झेपावली.

तिनं मला रात्रभरात एकदाही हाक मारली नाही. एकदाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर, रात्री ११

नागसेनला सगळं सांगितलं. आधी हसला. मग माझा आवाज ऐकून हसायचा थांबला. मित्राची गाडी घेऊन निघतोय, पहाटे पाचपर्यंत पोचेल. रस्त्यात रडून श्वास अडकला तर गाडीत दोघं तरी असू. नारायणराव आणि सत्यभामाबाई सकाळीच शेगावला गेले, शेजारी कुलूप आहे. जाताना सत्यभामाबाई मला म्हणाल्या, "मी बी रडली व्हती पोरी, छाया मेल्यावर. माह्याजवळ आली नाई थे कधी." त्यांना काय सांगायचं होतं, कळलं नाही.

बाहेरच्या खोलीत बसले आहे. दोन्ही दिवे चालू. छकुली मांडीवर. झोपायचं नाही म्हणून लिहिते आहे.

१२.४०

आतल्या खोलीत थोपटण्याचा आवाज. रिकाम्या गादीवर. थप, थप. छकुलीनं डोळे उघडले. मी गाणं म्हणतेय, जोरात.

२.१५

आवाज थांबला. पाटा सरकल्याचा आवाज झाला. दार आपोआप लागलं की— तिकडं बघत नाही. छकुलीला ओढणीनं पोटाशी बांधलं आहे, दोन गाठी. बाळा, रड. एकदा रड ना गं. मी तीन मिनिटं थांबणार नाही, एक क्षणही थांबणार नाही, आई म्हण, ओरड—

हसते आहे. माझ्या मागं बघून.

३

नऊ रात्री झोपले नाही धड. मला रडू येतंय. आवाज न करता रडतेय, कुणाला ऐकू जाणार नाही असं—

पाठीवर हात आहे.

माझ्या पाठीवर. थप. थप. जरा थांबून

तिला रडणं सोसत नाही. माझंही

किती मऊ आहे हात. आठ महिन्यांत कुणी मला असं— नको. डोळे मिटायचे नाहीत. दोन तास, नागसेन, दोनच तास. छकुली आहे. ओढणी आहे. गाठ एक सुटली, मी सोडली नाही, मी लिहिते आहे, माझा हात इथं कागदावर

मांडी हलकी ला