दाबयंत्र सहाव्या मजल्यावर नेण्याबाबत

मी, या कागदाखाली सही करणारा, वय ऐंशी पूर्ण, धंदा पुस्तकबांधणी, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर आहे, कोणी माझा हात धरून हे लिहवून घेतलेले नाही, आणि चष्मा लावला की मला स्वच्छ दिसते. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला वार आणि तारीख विचारली. मी दोन्ही सांगून वर पाचवीच्या पुस्तकातली चिमणीची कविता म्हणायला लागलो, तेव्हा दुसऱ्या कडव्यालाच "पुरे आजोबा, स्मरणशक्ती उत्तम आहे," म्हणून त्यांनी शिक्का मारला.

राहण्याचे ठिकाण इथे लिहायची पद्धत आहे. ते मी शेवटी लिहीन. माझ्या नावावर दोन घरे आहेत, एक लहान आणि एक मोठे, दोन्हीकडे दिवा लावायला मीच, आणि उरलेले दिवस कुठे काढायचे हे लिहायला बसलो तेव्हा ठरलेले नव्हते. वकील म्हणाले, "काका, आधी ते ठरवा, मग लिहा." मी म्हटले, लिहिता लिहिता ठरेल.

कलम १. बारा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एकच ओळ होती, सगळे बायकोला. बायको गेल्या ऑक्टोबरात गेली. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. जन्मभर मुलांना रांगेत उभे करणाऱ्या बाईने स्वतः मात्र रांग मोडली.

कलम २. जुने घर. खाली दुकान, वर अडीच खोल्या. अर्धी खोली म्हणजे उतरत्या छपराखालची जागा. तिथे फक्त मधोमध ताठ उभे राहता येते. जिना सतरा पायऱ्यांचा, शिडीचा सख्खा चुलतभाऊ, हाताला कठड्याऐवजी दोर. शेगडीपाशी उभे राहून हात लांबवला तर पुस्तकांचे कपाट लागते, पाय लांबवला तर एके काळी पाळणा लागत असे. पूर्वेच्या खिडकीला बसायचा कट्टा आहे. त्यावर एकजण पाय वर घेऊन बसू शकतो, आणि दुसऱ्याला बसायचे तर पहिल्याने पाय खाली घ्यावे लागतात. आमचा त्रेचाळीस वर्षांचा संसार या पाय वर, पाय खालीत झाला. सकाळचे ऊन आधी त्या कट्ट्यावर येते, मग कपाटाच्या काचेवर, आणि साडेनऊला खळीच्या पातेल्यावर टेकून निघून जाते. भिंतीवर घड्याळ लावायची मला कधी गरज वाटली नाही. खालचे दार उघडले की वरची खिडकी थरथरते. त्या थरथरण्यावरून कोण आले ते बायको ओळखत असे. "टेलरबाई आल्या," ती म्हणे, आणि खरेच शेजारच्या गाळ्यात कपडे शिवणाऱ्या टेलरबाई जिना चढत असत.

या घराची वाटणी कलम ८ मध्ये आहे. इथे नुसते वर्णन करायचे होते. वकिलांनी ते कापू नये.

कलम ३. माझ्या मेव्हण्यांना या घरातले काहीही देऊ नये. ते प्रत्येक वेळी आत येताना चौकटीवर डोके आपटत आणि कपाळ चोळत "हे काय घर आहे, कबुतराचं खुराडं," म्हणत. त्यांना या घराने डोक्यावर पुरेसे दिले आहे.

कलम ४. कपाटातली शाळेची पुस्तके. मी सातवीपुढे शिकलो नाही, पण दहावीपर्यंतच्या कविता मला पाठ आहेत, कारण त्या मी शिवल्या आहेत. छापील कागदाची सोळा पानांची घडी म्हणजे फर्मा. फर्मे क्रमाने लावून शिवले की पुस्तक होते. शिवताना डोळ्यांना काम नसते, ते वाचत राहतात. एका वर्षी ते जरा जास्तच वाचत राहिले आणि सातवीच्या दोनशे प्रतींत मी चौथ्या फर्म्यानंतर थेट सहावा लावला. नदीच्या कवितेचे पहिले कडवे एका पानावर, आणि पान उलटले की दिव्याच्या कवितेचे शेवटचे.

महिन्याभरात एक तरुण शिक्षिका पुस्तक घेऊन दुकानात आल्या.

"तुमच्या पुस्तकात नदी डोंगरातून निघते आणि तिच्या वातीवर काजळी धरते. मुलांनी तसंच पाठ केलंय. आता मी त्यांना काय सांगू?"

मी म्हणालो, "कविता आहे बाई. कवितेत चालतं."

"कवितेत चालेल. परीक्षेत नाही चालत."

दोनशे प्रती उसवून पुन्हा शिवल्या. माझ्यावर विश्वास नसल्याने त्या रोज संध्याकाळी फर्मे तपासायला येत. दोनशेवी प्रत शिवून झाली तेव्हा आमचे लग्न ठरले होते.

सगळी पुस्तके तिच्या शाळेला द्यावीत. त्या दोनशेखेरीज चुकलेली एक जादा प्रत मी उसवली नव्हती, ती मुलीला. तिनेही उसवू नये.

कलम ५. मोठे घर. सहावा मजला, चार खोल्या, लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी. ते का घेतले हे मुलांना अर्धेच ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

बायकोचे गुडघे गेले. "अहो, त्या सतरा पायऱ्या आता सत्तर वाटतात," ती म्हणाली.

"दोराला धरून सावकाश येत जा."

"तुम्हाला दोर प्रिय. मला गुडघे."

आमच्या धंद्यात ओले पुस्तक उघडायचे नसते. खळ लावली की दाबयंत्रात घालायचे, चाक आवळायचे आणि वाळू द्यायचे. ही सवय मी घरातही लावून घेतली होती. काहीही निघाले की मी म्हणे, वाळू दे जरा. घराचा विषय मी दोन वर्षे वाळत घातला. शेवटी ती म्हणाली, "तुमचं वाळेपर्यंत मी वाळून जाईन," आणि निवृत्तीचे पैसे काढून, मुलांची थोडी मदत घेऊन तिने ते घर घेतले. नाव मात्र दोघांचे घातले, आणि स्वतःचा हिस्सा पुढे माझ्या नावे लिहून ठेवला.

सामान हलवायच्या दिवशी तिने टेम्पोत बसून विचारले, "तुम्ही?"

"हातातलं काम संपवून येतो."

ते काम आठ वर्षे संपले नाही.

भांडण नव्हते. लोक आम्हाला विभक्त समजत, पण आम्ही नुसते हट्टी होतो. दर रविवारी मी बसने जायचो, जेवायचो, तिला एखादी कविता म्हणून दाखवायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. ती लिफ्टपर्यंत सोडायला यायची. मला ते घर कोऱ्या वहीसारखे वाटे. सगळ्या भिंती पांढऱ्या आणि एकमेकींपासून लांब. "इथे स्वयंपाकघरातून बैठकीत यायला तिकीट काढावं लागेल," असे मी म्हणे, आणि ती म्हणे, "मोकळं आहे, एवढं म्हणायला काय जातं तुमचं?" उत्तरेकडची एक खोली तिने अगदी रिकामी ठेवली होती. साधी खुर्चीसुद्धा नाही. मी थट्टेने विचारले, "या खोलीत काय वारा पाळलायस?" "असू दे," ती म्हणाली. "तुम्हाला चावतो का तो?"

ती गेल्यावर टेलरबाई मला म्हणाल्या, "काका, तुम्ही मला सांगायचात, तिला ते घर खायला उठेल, येईल परत. आणि बाई फोनवर सांगायच्या, तो जिना एक दिवस त्यांनाही खाली उतरवेल, येतील. मी आपली मधल्यामध्ये."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही दोघं वाचणारी माणसं. मला वाटलं, कळत असेल."

कलम ६. हे कलम कोणाला काही देत नाही. तरीही ते राहू द्यावे.

जानेवारीत मी इमारतीच्या कचेरीत नावाची नोंद बदलायला गेलो. सचिवांनी एक फाइल पुढे सरकवली. आत आठ अर्ज होते, दर वर्षीचा एक, बायकोच्या अक्षरात. मजकूर आठही वेळा तोच:

"माझे यजमान येत्या वर्षी कायमचे राहायला येत आहेत. त्यांचे ओतीव लोखंडाचे दाबयंत्र, वजन अंदाजे दोनशे किलो, सहाव्या मजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत, तुळईलगतच्या भिंतीशी ठेवण्यास परवानगी मिळावी."

खाली दाबयंत्राची आकृती, लांबी-रुंदी-उंचीसह. माप बरोबर होते. तेव्हा मला आठवले की एकदा टेलरबाईंनी टेप आणून माझे यंत्र मोजले होते. धूळ बसू नये म्हणून खोळ शिवते, असे म्हणाल्या होत्या. खोळ काही आली नाही.

सचिव म्हणाले, "आमची परवानगी मार्चअखेर संपते, दर वर्षी नवी घ्यावी लागते. मी बाईंना म्हणायचो, अहो, ते आले की करा ना अर्ज. तर म्हणायच्या, नको. परवानगी नसली की खाली वॉचमन अडवेल, आणि अडवलं की ते परत जातील. त्यांना निमित्तच हवंय."

आठव्या अर्जातले अक्षर जरा हलले आहे. "येत्या वर्षी" हे शब्द मात्र ठळक आहेत, फळ्यावर लिहावेत तसे.

तिने मला हे कधी सांगितले नाही. सांगितले असते तर मी कदाचित गेलो असतो, पण तिच्या भिडेने. तिला मी आपणहून यायला हवा होतो. मीही ती परत यावी म्हणून वाट पाहत होतो, पण तिच्या गुडघ्यांसाठी त्या जिन्याला साधा कठडासुद्धा बसवला नाही. दोराला धरून खाली-वर करत राहिलो आणि त्यालाच वाट पाहणे समजलो. टेलरबाईंच्या दुकानापर्यंत ती दोनदा आली होती. तिथूनच वर बघून परत गेली.

कलम ७. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. दाभणे, हाडाची घडीपट्टी, सुया आणि कातऱ्या सार्वजनिक वाचनालयाच्या दुरुस्ती विभागाला. तिथला माणूस पुस्तकांना चिकटपट्टी लावतो. त्याने ती लावू नये, ही माझी वीस वर्षांची तक्रार आता मृत्युपत्रात आली आहे, तेव्हा तरी त्याने मनावर घ्यावी.

टेलरबाईंना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून दुकानातले लांब लाकडी टेबल त्यांना कापड बेतायला मी परवाच हातोहात देऊन टाकले.

कलम ८. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, जुनं विकून टाकू. बिल्डर विचारतोय. तुम्ही मोठ्या घरात आरामात राहा, आम्ही सुट्टीत येत जाऊ." मुलगी म्हणाली, "विकायचं नाही हं बाबा. कुलूप लावून जसंच्या तसं ठेवू. आईची जागा, तुमचं पातेलं, सगळं." दोघांची माया मला कळते. पण मुलगा घर मोजतो, मुलगी घर गोंजारते, आणि राहायचे दोघांपैकी कोणालाच नाही.

जुने घर मुलीला देत आहे, एका अटीवर. त्याला कुलूप लावून ठेवू नये. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत अशा कोणाला तरी ते राहायला द्यावे, आणि ते लोक येण्याआधी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. दोर काढून टाकावा. त्यांनी भिंती वेगळ्या रंगवल्या तर तिने रडू नये.

मोठे घर माझ्यामागे मुलाला. तिथे राहावे की विकावे, ते त्याने ठरवावे. माझी अट नाही. अटी घालून मी एका माणसाला आठ वर्षे थांबवले, तेवढे पुरे. या कागदाची अंमलबजावणी मुलीने करावी. तिचे अक्षर आईसारखे आहे, आणि हिशेबही.

कलम ९. राहण्याचे ठिकाण.

आठव्या परवानगीची मुदत या मार्चअखेर संपते. नववा अर्ज मी केला नाही. गेल्या मंगळवारी चार हमाल बोलावले, दाबयंत्राचे चाक, स्क्रू आणि पाट सुटे केले, आणि तीन खेपांत लिफ्टने वर नेले. वॉचमनने अडवले. मी त्याला तिचा कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "या. बाईंनी सांगून ठेवलंय."

यंत्र तुळईलगतच्या भिंतीशी बसले, एक बोटही इकडे-तिकडे नाही. उत्तरेचा उजेड बांधणीला चांगला, सारखा राहतो. उन्हाचा तुकडा इथे येत नाही. किती वाजले ते आता मला कोणाला तरी विचारावे लागते, आणि विचारायला कोणी नाही, म्हणून मी घड्याळ घेतले आहे.

काल दुपारी काम करताना एक गोष्ट तपासून पाहिली. एवढ्या मोठ्या घरात या खोलीतून मारलेली हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचते की नाही, अशी मला जुनी शंका होती. मग मी तिला हाक मारली, नेहमीच्याच आवाजात. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो असतो तर ऐकू आली असती, एवढी ती स्पष्ट गेली. घर मोठे आहे, पण इतके मोठे नाही.

हे मी वाचून पाहिले, यातले सगळे खरे आहे, आणि ते मला मान्य आहे.

(सही)

आमच्यादेखत त्यांनी सही केली, सही करताना त्यांचा हात स्थिर होता, आणि मग आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:

साक्षीदार १. (सही) टेलरबाई, जुन्या घराच्या शेजारचा गाळा. लिफ्टने प्रथमच वर आले.

साक्षीदार २. (सही) सचिव, इमारत समिती. दाबयंत्राची परवानगी कायम केली आहे, पुन्हा अर्जाची गरज नाही.

ठिकाण : सहावा मजला, उत्तरेकडची खोली
तारीख : ११ मार्च २०२४, सोमवार