रेतीवर चिखलणी

मुक्काम सानगडी, ता. साकोली
मार्च १९७९

मी, धनीराम वल्द गणपत, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण चौथी पास, धंदा शेती, माजी पोलीस पाटील, असे लिहून देतो की, चिरंजीव श्यामराव, तुला व सूनबाईंना आशीर्वाद. येथे सर्व क्षेम, माझी कंबर वगळून. आपल्याकडे भाचा पूज्य. सबब मामाने भाच्यास जे बोलू नये, ते कंसात लिहीत आहे.

तू महाबळेश्वराकडील रोपवाटिकेतून पाठविलेली रासबेरीची रोपे पोहोचली. नदीकाठच्या रेताड तुकड्यात धान होत नाही, म्हणून तीच जागा दिली. जमीन हलकी आहे, पाणी थोडे थोडे पण वारंवार द्यावे, असे तू कळविले होतेस. (थोडे पाणी द्यावयास ती काय तुळस होती?) आमच्या घराण्यात पाणी देणे म्हणजे धानाची बांधी काठोकाठ भरणे. त्याप्रमाणे चहूबाजूंनी मातीचे धुरे घालून बांध केला, डिझेल इंजिन नदीवर लावले व पाणी सोडले. दुपार झाली तरी बांधीत बेडकाचे पाय भिजतील इतकेही पाणी साचेना. तुझी मामी चंद्रभागाबाई शिदोरी घेऊन आली, तिने उभे राहून पाहिले आणि म्हणाली, "नदीचा पानी काढून नदीलेच देऊन राहिले का जी? तिनं मांगला होता का?"

पुढे जे केले ते पूर्ण विचारांती केले. पाणी जिरत असल्यास चिखलणी करावी, हे या भागात कोणास शिकवावे लागत नाही. तलावाचा गाळ गाड्यांनी आणून रेतीवर पसरला, शेजारच्या परसरामची रेड्यांची जोडी लावली आणि रोपांच्या ओळींमधून चिखल केला. पाणी थांबले. इतके उत्तम थांबले की अद्याप हलत नाही. रोपे प्रथम पिवळी, नंतर काळी व शेवटी आडवी झाली. (तुझ्या पत्रात 'वारंवार' ठळक होते, 'थोडे' नव्हते.) परसराम म्हणाला, "पाटील, धानाले इतका झ्याक चिखल मी पाह्यलो नाई."

दुःख रोपांचे नाही. आपले व्याही केशवराव, मुक्काम एकोडी, यांना मी संक्रांतीस चारचौघांत शब्द दिला होता की, फळ खाऊ घालीन. न जमल्यास तुमच्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहून सल्ला देणे कायमचे सोडीन. श्यामराव, पाटीलकी गेली, कंबर गेली. सल्ला तेवढा उरला आहे. तोही गेल्यास सकाळी उठून मी जावे कोठे?

तुझा मामा,
धनीराम

ता. क. : केशवराव पुढील आठवड्यात येत आहेत. फळे लागलेल्या दहा-बारा कुंड्या रेल्वे पार्सलने त्वरित पाठवाव्या. चिखलात गळ्यापर्यंत पुरीन. ही गोष्ट कोणाच्या कानी जाऊ नये.

ता. क. दुसरा : पाटीलकीतील सवयीप्रमाणे वरील मजकूर ओसरीवर पंचांसमोर मोठ्याने वाचून दाखविला. चष्मा वाचनाचा असल्याने दारात कोण येऊन उभे आहे, हे दिसले नाही. कुंड्या पाठवू नयेत. आठवडाभर आधीच आलेले केशवराव म्हणाले, "सल्ला बंद नोका करू, इवाई. तुमी सांगता त्याच्या उलटा केला का आमचा धान बेस होते." हा मी सन्मान समजतो. उद्या सकाळी एकोडीस जात आहे.

वाचून दाखविले, बरोबर आहे. समक्ष हजर : १) सौ. चंद्रभागाबाई, २) परसराम, ३) केशवराव (डोळे पुसत).