चोवीस तासांचा कॅन आणि रोशनीची हळद

सुकापूर, रविवार

तीर्थस्वरूप तुळशीराम भाऊजींना कमळाकरचा वाकून नमस्कार. ताई ठीक असेल, तुमचे गुडघे दुखतच असतील. आपण दोघेही लिव्हरवाले. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे तो किडनीचा आकडा, नॉर्मल आलं म्हणून तुम्ही अख्ख्या चिरनेरला पेढे वाटलेत आणि पुढच्या तपासणीला साफ नाही म्हणालात, हे इथवर पोचलं. (पेढे नाही पोचले.)

माझंही नॉर्मलच होतं हो! पण आमच्या डॉक्टरीणबाई भारी चिवट. म्हणाल्या, क्रिएटिनिन मांसातून बनतं आणि लिव्हरच्या पेशंटचं अंगावरचं मांस झडतं, म्हणून किडनी बिघडायला लागली तरी रक्तातला तो आकडा गोडगोड बोलत राहतो. तेव्हा चोवीस तासांची लघवी जमवा, थंड ठेवा, थेंब सांडू नका. हातात कॅन दिला. आणि मी शहाणा, दिवस निवडला तो पुतणी रोशनीच्या हळदीचा!

मांडवात बँजो दणदणतोय, सगळे नाचतायत, आणि मी बर्फाचं थर्माकोलचं खोकं कवटाळून सारखा मांडवामागे पळतोय. (बायको पहाऱ्याला.) लोकांनी समजायचं ते समजलं. मी जन्मात दारूला शिवलो नाही, लिव्हर चरबीने बिघडलं, पण कोणाकोणाला सांगत बसू? भीमाआत्याने खोकं हिसकावलं, कॅन उघडून वास घेतला आणि ओरडली, "देशी हाय! लिवर सुजली तरी याचं पिनं सुटत नाय!" आणि सगळा ऐवज केळीच्या बुंध्याशी ओतला. टाळ्या पडल्या! खरं सांगितलं तर आत्या चार दिवस जेवणार नाही, न सांगितलं तर मी दारुडा. मी दारुडा झालो.

मग पुन्हा पहिल्यापासून जमवलं. किडनी कुरकुरायला लागल्याचं त्यात दिसलं. वेळेवर सापडलं, म्हणून औषधं बदलून भागलं.

तुमचा,
कमळाकर

ता. क. गुडघ्यांसाठी परस्पर आणता त्या दुखण्याच्या गोळ्या आपल्या किडनीला घातक. ताईला लपवायला सांगितल्यात. तिच्यावर चिडू नका.

ता. क. २. गंमत करून लिहिलं खरं, पण रिपोर्ट मी डॉक्टरीणबाईंना तीनदा वाचायला लावला. तुमच्याबद्दल असलं काही उशिरा ऐकायची ताकद माझ्यात नाही. पुढच्या सोमवारचा डॉक्टरीणबाईंकडे तुमचा नंबर लावलाय, सकाळीच रिक्षा घेऊन दारात येतो. आजारी असल्याचं कारण सांगू नका, आजारी आहात म्हणूनच नेतोय.