नावाची जागा

७ मार्च १९८३
लातूरचा जिल्हा होऊन सात महिने होत आले, आणि जिल्ह्याला शोभेल असा संगीतशिक्षक, म्हणजे मी, शेषेराव, आज नांदेडहून दाखल झालो. कापडदुकानदार गुरुबसप्पांच्या घरी खोली मिळाली. पाणी टँकरचं, तेही चार दिवसांआड, पण खोली हवेशीर आहे. त्यांच्या आई सिद्धम्मा, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, अर्धांगवायूनं वर्षभर मुक्या आहेत. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलणं एका बाजूला असतं, गाणं दुसऱ्या, गाऊन बघा. गुरुबसप्पा म्हणाले, मास्तर, अव्वानं एक डाव माझं नाव घ्यावं, दुसरं काय बी नको. मी लगेच कबूल झालो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

१९ मार्च
अभंग झाले, ओव्या झाल्या, पाळणेसुद्धा झाले. अव्वांचे ओठ हलत नाहीत. आज सकाळी मागच्या गल्लीतून एक संथ चाल ऐकू आली. प्रत्येक कडव्यात एका माणसाला नावानं हाक. मला हवं होतं तेच. गाणं कसलं ते विचारलं नाही; मास्तर असून विचारायचं म्हणजे कमीपणा वाटला. अव्वांच्या डाव्या तळहातावर ठेका धरला आणि हाकेच्या जागी घरातली नावं घातली. आधी पाणी भरणारी सरजाबाई, मग दुकानातला मलप्पा, मग नात रुद्राणी. गुरुबसप्पांचं नाव शेवटी, अवघड म्हणून.

२३ मार्च
अव्वा गायल्या. सरजाबाई, अगदी स्वच्छ. सगळं घर रडलं. गुरुबसप्पा माझ्या पाया पडले. आठवड्यानं मोठे डॉक्टर बघायला येणार आहेत. मी दिवसभर हवेत होतो.

२४ मार्च
सरजाबाई टँकरच्या रांगेत बसल्या जागी गेली. ऊन फार होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

२९ मार्च
काल अव्वांनी मलप्पाचं नाव गायलं. आज सकाळी तो दुकानात गठ्ठ्याला टेकून मेलेला सापडला. दुपारी त्याला बसवून, हार घालून, भोवती माणसं गाऊ लागली. तीच चाल. शेजारचे गुंडप्पा म्हणाले, आमच्या लिंगायतांत माती देताना म्हणत्यात हे, जित्याचं नाव त्यात कुणी घेत न्हाई. अव्वांना काय शिकवलंय ते तिथंच सांगायला हवं होतं. पण परवा मोठे डॉक्टर येणार — लिहितानाही लाज वाटते.

३० मार्च
शिकवणं बंद केलं. अव्वा थांबत नाहीत. नुसती चाल गातात, नावाच्या जागी येऊन अडतात, माझ्याकडे बघतात. पुढचं नाव रुद्राणी. सात वर्षांची पोर. मीच शिकवलंय —

३१ मार्च, सकाळ
गुरुबसप्पांना सांगायला गेलो. त्यांनी चहा दिला, मोठे डॉक्टर संध्याकाळी येणार म्हणाले. पिऊन परत आलो.
उपाय एकच. त्या जागी माझं नाव बसवायचं.

दुपार
अव्वांचा हात धरून गायलो. जागा आली. शेषेराव, एवढंच म्हणायचं होतं —
तोंडून रुद्राणी निघालं. मला जगायचं होतं.
अंगणातून पोरीनं ओ दिली. हसत आत आली, अव्वांना बिलगली — अव्वांनी सूर लावलाय — आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा सोडून इथं लिहीत —