सुभेदाराची भूमिका

५ डिसेंबर २००२
सुभेदार मलाच दिला! नको म्हणणार होतो, तर श्रीपाद म्हणाला, "आवाज तुझाच पाहिजे." इथल्या मराठी मंडळाचं नाटक तोच बसवतो, शिवाय आमच्या घरमालकीण गोदावरीकाकूंचा मुलगा. नाही कसं म्हणणार?

गोष्ट इंग्रजांच्या काळची. महारांची वेगळी पलटण. गोऱ्या कॅप्टनच्या लेखी सगळे काळे सारखेच, माणसात कुणीच नाही. आणि त्यांच्यातलाच सुभेदार, साहेबासमोर लाज नको म्हणून आपल्याच शिपायांना गावंढळ बोलीवरून फोडून काढतो.

९ डिसेंबर
बायकोला, क्षमाला, बजावलं, शेजारी नाटकाबद्दल फार बोलू नकोस. "काहून? नाटकच तर आहे." तिला कशाची भीती म्हणून वाटत नाही. आधीच्या भाडेकरूची जात कळल्यावर काकूंनी त्याला आठवड्यात बाहेर काढलं. म्हणून मी आडनाव सांगतच नाही. नीलेश दिवाकर — बस. दिवाकर हे बाबांचं नाव. हे शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून भाडी काय वाढलीत! तान्ह्या बाळाला घेऊन कुठे जायचं?

२१ डिसेंबर
सदर बाजारातून खाकी कापड आणलं. शिंपी म्हणाला, "पुलिस में हो क्या, भैया?" उगाच दचकलो.

२ जानेवारी
नाटकात शिपायाच्या थोबाडीत मारायची असते. आज तालमीत खरीच बसली. श्रीपाद खूश. "इतका राग कुठून आणून राहिला बे? तू तं त्यांच्यातलाच वाटते." सगळे हसले, मीही हसलो. त्याला कळलं असेल का?

३ जानेवारी
जिन्यात काकू भेटल्या. काही बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत?

१२ जानेवारी
प्रयोग झाला. टाळ्या थांबेनात. काकू डोळे पुसत रंगमंचामागे आल्या. "किती सोसलं बिचाऱ्या लोकांनी!" माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी आकसलो. सुटलो एकदाचा, असं मात्र वाटलं.

१३ जानेवारी
बाबा आले. न कळवता, वर्ध्याहून, नातवाला पहिल्यांदा पाहायला. जिन्यात काकू उभ्या. "हे कोण?"

माझ्या तोंडून निघालं, "ऑफिसातले चपराशी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "हव बाई. साहेबाले सामान द्याले आलो." झबल्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि तसेच खाली उतरले. बाळाला पाहिलंच नाही.