फोनएवढा त्रिकोण

१८ जून, मंगळ.
शाळा उघडून तीन दिवस नाही झाले आणि पहिलं भांडण. नववी अ च्या फळ्याच्या बरोबर मधोमध टीव्ही ठोकलाय. डावीकडे हातभर फळा उरला, उजवीकडे हातभर. भूमिती कुठे काढू, छतावर? एकोणतीस वर्षं त्या फळ्यावर गणित शिकवलं, आणि निवृत्तीला एक वर्ष राहिलं असताना हे.

तांबे (नवे हेडमास्तर, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान) म्हणतात, "जाधव बाई, प्रत्येक धड्याचे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ आहेत. मुलं घरी फोनवरही बघतील. त्यांचं लक्ष तेवढंच टिकतं." म्हटलं, सर, पाच मिनिटांत माझा फळा पुसून होत नाही. हसले. मी विनोद केला नव्हता.

२१ जून, शुक्र.
पहिला व्हि. दाखवला. दाखवावाच लागला, तांबे दारात उभे. टी-शर्टातला एक बाप्या, दाढी कोरलेली. "हाय फ्रेंड्स, आज आपण कोनांशी दोस्ती करूया!" मागे ढिंगचिक ढिंगचिक. दर मिनिटाला "कळलं ना?" विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. थांबणार कोणासाठी? त्याच्यासमोर आहे कोण?

लाल पेन घेऊन तपासला, उत्तरपत्रिका तपासते तसाच. मांडणी २, अक्षर ३ (ते कॉम्प्युटरचं). वर १ मार्क एवढ्यासाठी, की कोन मोजायची वेळ आली तेव्हा "हे तर तुम्हाला येतंच" म्हणून पुढे गेला, मागचं उगाळत बसला नाही. एकूण २५ पैकी ६. आजपासून वेगळी वही केली, या व्हिडिओंच्या चुकांची. शाळा समितीपुढे ठेवणार आणि हे खूळ बंद पाडणार.

त्यात वर्गात कटकट. तिसऱ्या बाकावरची प्राची घाडी, एरवी तोंड न उघडणारी, आज नेमकी उभी राहिली. "बाई, कोनमापकावर आकडे दोन्हीकडून असतात. कुठल्या बाजूने वाचायचे?" नववीत! म्हटलं, "हे पाचवीत झालंय." वर्ग खो खो हसला. ती बसली. तास पुढे.

९ जुलै, मंगळ.
यांनी आज व्हिडिओ बघून मिक्सर खोलला. मी म्हटलं, आता गेला भंगारात. तर चालू झाला! "बघ, चार मिनिटांत शिकलो." अख्ख्या चाळीला सांगून आले. चटणी छान बारीक झाली होती. 
चुकांच्या वहीत एकोणीस नोंदी.

२९ जुलै, सोम.
त्रिकोणाच्या रचना सुरू. टी-शर्टवाल्याचा कंपास कधी घसरत नाही, पेन्सिलीचं टोक मोडत नाही, सगळं आपोआप गोल फिरतं. डोक्यात जातो माणूस.

गृहपाठ तपासायला घरी आणला. पाया ६.४ सेमी दिला होता. प्राचीचा ३.९. ओंकारचा ४.७. आणखी दोघींचे असेच, काहीतरी भलतेच. पण कोन सगळ्यांचे अचूक, कंस जागच्या जागी, पायऱ्या एकूण एक बरोबर. फक्त त्रिकोण लहान. कोणी लहान, कोणी आणखी लहान. म्हणजे एकमेकांचं बघूनही नाही.

मग पान उलटं केलं आणि बोट फिरवलं. कंपास टोचला की पानामागे खडबडीत लागतं, डोळे मिटूनही कळतं मला. काही नाही. गुळगुळीत. कंस आहेत आणि कंपास टेकवलेलाच नाही! दोन तास डोकं खाजवत बसले.

३० जुलै, मंगळ.
ओंकारला स्टाफरूममध्ये घेतला. दोन मिनिटांत ओकला. "बाई, पुस्तकातली सगळी गणितं व्हिडिओत आहेत. पॉज करायचा, ब्राइटनेस फुल्ल, वर पान ठेवायचं. खालून दिसतं ना सगळं. मग फक्त गिरवायचं."
"आणि मापं?"
"माझ्या पप्पांचा फोन मोठाय, बाई."

ज्याच्या घरी जेवढा फोन, तेवढा त्रिकोण! प्राचीच्या आईचा फोन जुना, लहान, म्हणून ३.९. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. एकोणीस नोंदी एका बाजूला आणि हे एका बाजूला. आता बघू तांबे काय बोलतात.

५ ऑगस्ट, सोम.
तांब्यांना वह्या दाखवल्या. त्यांनी एकेक चाळली. मग म्हणाले, "पण बाई, मुलं का गिरवतात, हे विचारलंत?"
म्हटलं, आळस. दुसरं काय?
"विचारलंत का?"
समितीची बैठक शनिवारी आहे, तिथे विचारू म्हटलं.

वही प्राचीची नेणार. सहाच्या सहा रचना गिरवलेल्या, एकही टोच नाही. तिला सांगितलं, शनिवारी वही घेऊन ये, पाच मिनिटांचं काम आहे. "मी काय केलं, बाई?" काही नाही गं, नुसतं उभं राहायचं. चेहरा पांढराफटक. एवढं काय घाबरायचं?

१० ऑगस्ट, शनि.
जिंकले.
पाच सदस्य. मी पट्टी घेऊन एकेक त्रिकोण मोजून दाखवला. एका सदस्याने प्राचीचं पान स्वतःच्या फोनवर ठेवून बघितलं, सगळे हसले. मग ते पान हातोहात फिरलं. प्राची दाराशी उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तांब्यांनी तिला जवळ बोलावलं. "बाळा, अडलं होतं तर बाईंना का नाही विचारलंस?"
तिने माझ्याकडे बघितलं. मला एकदम आठवलं, जूनमध्ये हिने विचारलं होतं. आता सांगणार, सगळ्यांसमोर. 
म्हणाली, "बाई छान शिकवतात, सर. मलाच येत नाही."

ठराव झाला. नववी-दहावीच्या गणिताला व्हिडिओ बंद, टीव्ही काढायचा, पालकांच्या ग्रुपवर तसा मेसेज. चहा, वडे. मी दोन खाल्ले. घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं, ते एक वाक्य सोडून. का सोडलं...

१२ ऑगस्ट, सोम.
टीव्ही निघाला. फळा पूर्ण मिळाला, पण स्क्रूची चार भोकं राहिली. रेघ ओढली की खडू अडकतो, मोडतो. दिवसात तीन खडू मोडले.
प्राची आली होती. सबंध तास मान खाली. व्यवस्थापनाला भोकं बुजवायला सांगायचं आहे.

१४ ऑगस्ट, बुध.
मधल्या सुट्टीत प्राचीची आई आली. स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, तिथूनच तशीच आलेली, कोपरापर्यंत पीठ. बसा म्हटलं तर बसली नाही.
"बाईनू, चेडू माझां धड जेवूक नाय शनवारपासून. तेका सगळ्यांच्या म्होरं कित्याक उभां केल्यात?"
मी म्हटलं, अहो, उभं का केलं म्हणजे, तुमची पोर फोनवरून गिरवत होती. अडलं तर मला विचारायचं होतं.
"ईचारल्यान ना! तुमी म्हटल्यात, पाचवीत झालां. पाचवीत शाळा खंय होती, बाईनू? लॉकडाऊन होतो. आमी गावाक अडकलेलो. फोन एक, तो ह्यांच्याकडे. पाचवी खंय झाली आमची?"

आवाज चढवला नाही तिने. बोलली आणि गेली, केंद्रावर गर्दीची वेळ होती.

नववीतून चार वजा. गणिताच्या बाईने ही वजाबाकी केली नव्हती. त्या वर्षी मीसुद्धा तांदळाच्या डब्याला फोन टेकवून दहावीला शिकवत होते, आणि रोज यांना म्हणायचे, याला शाळा म्हणत नाहीत. मग त्या वर्षीची पाचवी...
शरम वाटली. जेवले नाही.

१६ ऑगस्ट, शुक्र.
पुस्तकं बंद करायला लावली. प्रत्येकाला एक कागद, त्यावर एक कोन, मोजा म्हटलं. कोन १३०चा. डोळ्यांनाच दिसतोय की काटकोनापेक्षा मोठा आहे. ४१ जण हजर, २७ जणांनी लिहिलं ५०. उलट्या बाजूने वाचलं. जूनमध्ये सगळ्यात मोठ्याने हसला होता तो ओंकार, त्याचंही ५०. एकोणतीस वर्षं "हे पाचवीत झालंय" म्हणतेय, आणि कितीदा तरी पोरं अशीच हसून गप्प बसली असतील.

मोडक्या खडूने फळाभर कोनमापक काढला. ज्या शून्यावर कोनाची बाजू येते, त्या शून्यापासून मोजायचं. एवढंच. सगळा खेळ दहा मिनिटांचा. ओंकार म्हणाला, "बाई, हे इतकं सोपंय?" मला त्याच्याकडे बघवेना.

प्राची गैरहजर.

घरी चुकांची वही उघडली. पहिलंच पान. "हे तर तुम्हाला येतंच", १ मार्क. मीच दिलेला, खूश होऊन. तो कापला. टी-शर्टवाल्याचे आता ५. आणि त्याच्याखाली माझं वाक्य लिहिलं. त्याला किती द्यायचे, ते लिहिलं नाही.

२० ऑगस्ट, मंगळ.
तांबे भेटले. "बाई, टीव्ही परत लावायचा का?" म्हटलं, अजिबात नाही. ते व्हिडिओ मला आजही डोळ्यांसमोर नकोत. चोवीस तास "कळलं ना?" विचारणारा आणि ऐकायला जागेवर नसणारा माणूस मला नको वर्गात. तांबे म्हणाले, "प्राचीला तेवढं तरी होतं." 

आज ती आली. शाळा सुटल्यावर थांबवून घेतली. वर्गात आम्ही दोघीच. रचना काढ म्हटलं. काढली. पान उलटं करून बोट फिरवलं. पाच टोच, पाचही भलत्या जागी, एका ठिकाणी पान फाटलेलं. पण फोनवरून नाही. स्वतःच्या हाताने, कंपास घट्ट धरून.

पाया बरोबर, ६.४. कोन उलटा.

म्हटलं, "प्राची, त्या दिवशी विचारलं होतंस ना, आकडे कुठल्या बाजूने वाचायचे? परत विचार."
"नाही बाई. येतं मला."
"येत नाही गं. बघ, हा चुकलाय. शुक्रवारी सत्तावीस जणांचा चुकला. विचार, मी सांगते."
"येतं, बाई."
मी पुढे झाले, कोनमापक तिच्या हातात धरून दाखवावा म्हणून. नुसता हात पुढे केला. ती एक पाऊल मागे गेली आणि बाकाला अडकली.

मग मी खुर्चीत बसले. माझं चुकलं, असं म्हणाले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले असेन, तेही पुटपुटत, तिला नीट ऐकू तरी गेलं का कोण जाणे. तिने मान हलवली. दप्तर भरलं. उद्याही थांब म्हटलं, तर "हो बाई" म्हणाली, "येतं बाई" म्हणाली होती त्याच आवाजात.

ती गेल्यावर बघितलं, कोनमापक माझ्या टेबलावर. तिचाच. मागे पेनाने नाव कोरलेलं आहे. विसरली की ठेवून गेली, कळत नाही. पर्समध्ये घालून घरी आणलाय.